वळणावरचा व्हॉल्व्ह

दि. १९, रविवार

चि. सौ. बबडीस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईची पाठ अधूनमधून धरते, ते नेहमीचंच. जावईबापूंना आराम पडतोय असं नर्सबाईंकडून कळलं. छोटी आता भिंतीला धरून उभी राहते, हेही त्यांनीच सांगितलं. तू फोन उचलत नाहीस. दोनदा वर आलो तर तुझ्या दिरांनी दार उघडून, मला पाहून, तसंच लावलं. म्हणून लिहायला बसलोय. नर्सबाई उद्या पट्टी बदलायला तुमच्याकडे येतील, त्यांच्या हाती हे देतो. शेवटपर्यंत वाच. मग फाडलंस तरी चालेल.

आधी एक गोष्ट मांडून ठेवतो. तुमच्या वरच्या वस्तीत माझ्या हातचं काय काय आहे, ते असं. तुमच्या घराचा वरच्या मजल्यावर जाणारा लोखंडी जिना. पाय घसरू नये म्हणून त्याच्या पायऱ्यांच्या पत्र्यावर मी एकेक रेघ छिन्नीने उठवली आहे, बाजारात रेघांचा तयार पत्रा मिळत असूनही. विहीणबाईंच्या खोलीच्या खिडकीचे गज. छोटीचा पाळणा, ज्याच्या कड्यांत कुरकुर नको म्हणून पितळी बुश बसवलेत. शाळेचं फाटक. दवाखान्याबाहेरची दोन बाकं. किराणावाल्याचं शटर. आणि तुमच्या सार्वजनिक नळापाशी हंडे ठेवायची मांडणी, तिची मजुरी मी घेतली नव्हती. संपलं. याखेरीज वरच्या वस्तीत, किंवा वर जाणाऱ्या रस्त्यावर कुठेही, माझ्या हातचा वेल्डिंगचा एक टाकासुद्धा नाही.

हे बढाई म्हणून लिहीत नाही. म्हणजे थोडी बढाई आहेच, नाही म्हटलं तर तुझी आई हसेल. पण मला कोणी शिकवलं नाही, हे तुला ठाऊक आहे. गॅरेजबाहेर उभं राहून लोकांचे हात बघत शिकलो. काच न लावता ठिणगीकडे बघत बसायचो, दोनदा डोळे जाता जाता राहिले.

डोळ्यांचं आत्ता नको.

तुझ्या घरी सासूबाईंच्या फोनवर तुला जे ऐकवलं गेलं, ते मीही ऐकलंय. तो आवाज माझाच. कोणी काटछाट केलेली नाही, शब्द जोडलेले नाहीत. "वळणावरचा व्हॉल्व्ह आवळा. वरच्यांना आठवड्यातून दोन दिवस पाणी पुरे. बाकीचं खाली सोडा. एवढं करणार असाल तर ही अख्खी वस्ती तुमची." मीच बोललो. माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून. ते का बोललो, हे मात्र त्या फोनमध्ये नाही.

निवडणुकीला महिना उरला होता. तू इथली, तुला माहीत आहे की आमच्या वस्तीत निवडणूक म्हटलं की लोक आधी हसतात. ह्या वेळी हसण्याचाही कंटाळा आला होता. मागच्या वेळी निवडून आलेल्याने पाण्याची नवी लाइन टाकतो म्हणून पाइप आणून टाकले. ते रस्त्याच्या कडेला पडून गंजले आणि शेवटी भंगार म्हणून मलाच विकायला आणले होते. त्याच्या आधीच्याचं तर नावही कोणी काढत नाही. ह्या वेळी उभे दोघं. एक कंत्राटदार, ज्याचे टँकर तू पाहिले आहेस. दुसऱ्या नर्सबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. बाई बऱ्या म्हणून सगळ्यांना माहीत, पण मागचाही उभा राहण्याआधी बराच होता.

संध्याकाळी काम बंद केल्यावर माझ्या दुकानात चौघं-पाचजण टेकतात ते तू लहानपणापासून बघत आलीस. पेन्शनरकाका म्हणाले, "ह्या वेळी मी घरीच झोपणार. दोघंही एकाच कारखान्यातले, फक्त लेबल वेगळं."

शिवणवाली मावशी म्हणाली, "माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही. पण ह्यांचं माप घ्यायचं कसं? मतं मागायला येतात तेव्हा पोट आत घेऊन येतात."

"माझ्याकडे पाठवा," सलूनवाला म्हणाला. "गळ्याला वस्तरा लागला की माणूस खरं बोलतो."

"नर्सबाईंना कुठे वस्तरा लावणार, मेल्या!" मावशी म्हणाली.

सगळे हसले. मी हसलो नाही. मला तिथेच सुचलं, आणि सुचलं तेव्हा मला फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

मी म्हणालो, जोड पक्का आहे की नाही हे बघायला मी काय करतो? वरून बघतो का? वरून तर कच्चा जोडही घासून रंग मारला की चकचकीत दिसतो. मी नमुन्याचा तुकडा व्हाइसच्या जबड्यात आवळून धरतो आणि वाकवतो. तुटायचा तर माझ्यासमोर तुटू दे. उमेदवाराचंही तसंच करायचं. तो काय काय देणार हे विचारायचंच नाही. द्यायला सगळेच तयार. आपण त्याच्याकडे एक चुकीची गोष्ट मागायची. द्यायला सोपी, पण चुकीची. जो मतासाठी ती देतो म्हणेल तो कच्चा. जो मतं जात असतानाही तोंडावर नाही म्हणेल, तो उद्या दुसऱ्या कोणालाही नाही म्हणू शकेल. आपल्याला नाही म्हणणारा माणूस शोधायचाय.

पेन्शनरकाकांनी चष्मा काढला. त्यांना एखादी गोष्ट पटली की ते चष्मा काढतात. "मिस्त्री, तू शिकला असतास ना..." म्हणाले. तुला माहीत आहे, हे वाक्य मला आवडत नाही आणि फार आवडतं.

मग मागायचं काय, यावर चर्चा झाली. शिवणवाली मावशी म्हणाली, माझ्या भाच्याला शाळेत शिपाई म्हणून लावा म्हणू, तो चौथी नापास आहे. मी म्हणालो, तेवढ्याने काही कळणार नाही. अशी कामं सगळेच करतात आणि त्यात कोणाला लाजही वाटत नाही. वजन पुरेसं हवं. मग मी व्हॉल्व्हचं नाव काढलं.

बबडे, इथे थांबून सांगतो. मावशीच्या भाच्यावर मी समाधान मानलं असतं तर आज हे पत्र लिहायला लागलं नसतं. व्हॉल्व्ह मीच सुचवला. कोणी मला भरीला घातलं नाही.

तुला ती लाइन ठाऊक आहे. मोठा पाइप वळणापर्यंत येतो, तिथे दोन फाटे होतात. एक वर तुमच्याकडे, एक खाली आमच्याकडे. वळणावरचा व्हॉल्व्ह आवळला की तुमचं कमी होतं आणि आमचं वाढतं. इतकं सोपं. इतकं चुकीचं. मला वाटलं, ह्याहून चांगला नमुना मिळायचा नाही.

कंत्राटदार आला तो चार माणसं घेऊन. त्यातल्या एकाच्या शर्टाच्या खिशातून फोन अर्धा बाहेर डोकावत होता. मी पाहिला, पण माझ्या मनात काही आलं नाही. माणूस गोड. माझं शटर वरखाली करून बघितलं, "काय हात आहे, जराही आवाज नाही हो!" म्हणाला. मी मागणी सांगितली. तो ऐकत राहिला आणि मग मोठ्याने हसला.

"एवढंच? मिस्त्री, तुम्ही काहीतरी मोठं मागाल म्हणून मी घाबरत घाबरत आलो होतो!"

"म्हणजे होईल?"

"व्हॉल्व्ह फिरवायला कितीसा वेळ लागतो?"

ठरल्याप्रमाणे आम्ही एकमेकांकडे बघायला हवं होतं, की बघा, तुटला. पण मी बाकीच्यांकडे बघितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. मावशी त्याच्याकडे बघत होती. सलूनवाला त्याच्याकडे बघत होता. पेन्शनरकाकांनी चष्मा पुसायला घेतला होता. आणि मी, ज्याने ही परीक्षा रचली, मी मनात पाइपचं माप काढत होतो. दोन इंची लाइनला एवढा दाब आला तर आपल्या स्वयंपाकघरात नळ घेता येईल, हंडा उचलावा लागणार नाही. हिशेब पुरा झाला तेव्हा मला तुझी आठवण झाली. आधी नाही. नंतर.

नर्सबाई दोन दिवसांनी आल्या, एकट्या, स्कूटरवरून. त्यांना मी तीच मागणी तशीच्या तशी सांगितली. परीक्षा सारखी हवी म्हणून एक शब्द बदलला नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वर बाळंतिणी आहेत. त्यांतल्या निम्म्यांची बाळंतपणं माझ्या हातची आहेत. तुम्ही काय मागताय ते कळतंय का तुम्हाला?"

पेन्शनरकाका म्हणाले, "बाई, इथे मतं बरीच आहेत."

"असतील. नका देऊ." त्या उठल्या. पुढ्यातला चहा त्यांनी घेतलाच नव्हता. दारात वळून मला म्हणाल्या, "मिस्त्री, तुमची मुलगी वर दिली आहे ना?"

ही परीक्षा आहे हे तिथे सांगितलं असतं तर परीक्षा मोडली असती. म्हणून मी मान खाली घालून बसलो. परीक्षा घेणारा मी, आणि मान खाली घालून बसलेलाही मीच.

त्यांची स्कूटर लांब गेल्यावर मात्र दुकानात आनंदीआनंद. सलूनवाल्याने टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणाली, "बाई पक्की आहे हो! कशी खेकसली अंगावर!" सगळ्यांनी शब्द दिला. मत बाईंनाच. मी वस्तीभर फिरलो, घरोघरी सांगितलं की ह्या वेळी आपण फसणार नाही, आपल्याकडे पुरावा आहे. लोक ऐकत होते. "नाही म्हणणारीला मत द्या" असं पोरं ओरडत फिरायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की लोखंडाखेरीज आणखीही काही मला सरळ करता येतं.

पुढचं तुला माहीतच आहे, तुमच्या बाजूने. कंत्राटदाराने माझा आवाज वरच्या वस्तीत घरोघरी पोचवला. बघा, खालचे तुमचं पाणी तोडायला बसलेत. मी आहे म्हणून ते वाचेल. मी धावत वर आलो होतो, आठवतं? तुझ्या सासऱ्यांना म्हणालो, ती परीक्षा होती हो, खरी मागणी नव्हती. व्याही मला काय म्हणाले ते तू दाराआडून ऐकलंस. "मिस्त्री, कोणावर विश्वास ठेवायचा नाही हे तुम्हीच सगळ्यांना शिकवता. मग तुमच्यावर तरी कसा ठेवायचा?" मी जिना उतरलो. माझाच जिना.

वरची सगळी मतं कंत्राटदाराला जाणार हे तर उघड होतं. पण आमची मतं तुमच्याहून जास्त. आमची बाईंना पडली तरी बाई येत होत्या.

निकाल लागला. आमच्या वस्तीच्या केंद्रावर दर पाच मतांतली तीन कंत्राटदाराला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखे सगळे जमले. कोणी कोणाकडे बघेना. मी विचारलं. सलूनवाला म्हणाला, मी बाईंनाच दिलं. मावशी म्हणाली, मी पण. बाहेरून जाणाऱ्या दोघातिघांना मी हाका मारून विचारलं. सगळ्यांनी बाईंनाच दिलं.

"मग कंत्राटदाराला कोणी दिलं? भुतांनी?"

पेन्शनरकाकांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "मिस्त्री, परीक्षा तुझी चोख होती. खरं कोण आणि खोटं कोण, हे चोख कळलं. पण त्या खोट्याने पाणी देतो म्हटलं होतं ना रे."

एवढं बोलून ते उठून गेले. तेव्हापासून संध्याकाळी माझ्या दुकानात कोणी टेकत नाही.

मी इतकी वर्षं समजत होतो की लोकांना खरा माणूस ओळखता येत नाही म्हणून ते फसतात. ओळखता आल्यावर काय होतं, ते मी पाहिलं. मत देताना पडद्याआड माणूस एकटा असतो, आणि त्याच्या घरातला रिकामा हंडाही त्याच्याबरोबर आत जातो. मी स्वतः बाईंना दिलं. हे मी कोणाच्या गळ्यावर हात ठेवून सांगू? तुझ्या आईला मी विचारलं नाही. निकालाच्या दिवशी ती हंडा खाली ठेवत म्हणाली, "आता तरी येईल ना हो पाणी?" मी तिच्या पाठीकडे बघितलं. पुढे काही विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

पाणी आलं, थोडे दिवस. स्वयंपाकघरात नळ घेतला नाही, एवढंच सांगतो.

मग वळणावर तो पिंजरा उभा राहिला. व्हॉल्व्हच्या चारी बाजूंनी गज, वर पत्रा, पुढे कुलूप. तुम्हाला सांगितलं गेलं की खालच्यांनी व्हॉल्व्ह आवळू नये म्हणून. आम्हाला सांगितलं गेलं की वरच्यांनी सैल सोडू नये म्हणून. किल्ली कंत्राटदाराच्या माणसाकडे. पाणी तुमचंही घटलं, आमचंही. टँकर मात्र दोन्हीकडे सुरू झाले.

तुमच्याकडे पक्कं धरलंय की तो पिंजरा माझ्या हातचा. का, तर त्याला पिळाचे गज आहेत आणि पिळाचे गज ह्या भागात मीच करतो. तुला ते बघायचंच असेल तर जाऊन बघ. मी डावखुरा, माझ्या गजाचा पीळ डावीकडे चढतो. त्याचा उजवीकडे चढतो, बाजारात मिळतो तसा. शिवाय त्याचे जोड घासून, फटींत लांबी-पुट्टी भरून, वर रंग दिलाय. मी माझे टाके कधी झाकलेत? पण हे मी तुझ्या दिरांना सांगितलं तर ते म्हणतील, मिस्त्रीने मुद्दाम दुसऱ्या हाताने केलं. आणि खरं सांगायचं तर, त्यांच्या जागी मीही तेच म्हणालो असतो.

आता जावईबापूंना लागलं त्या दिवसाबद्दल.

दुपार होती. मी दुकानात शाळेच्या बाकाचा पाय जोडत होतो. वळणाकडून छिन्नी-हातोडीचा आवाज आला. कुलपावर घाव पडत होते, आणि मारणाऱ्याला सवय नव्हती हे आवाजावरून कळत होतं. बाहेर येऊन बघितलं तर जावईबापू, एकटे. नंतर कळलं की छोटीला ताप होता आणि घरात पाणी संपलं होतं. तो माणूस मोठ्याने बोलतसुद्धा नाही, आणि भर उन्हात कुलूप फोडायला आला होता.

आमच्याकडची माणसं तोवर दारांत आली होती. "वरचे व्हॉल्व्ह तोडायला आले!" अशी आरोळी झाली. माझ्याकडे लोखंड कापायचा ग्राइंडर होता. ते कुलूप म्हणजे ग्राइंडरला फार तर एक मिनिट. ग्राइंडर वळणापर्यंत पोचावा म्हणून मी आत वायरचं बंडल शोधायला गेलो. ते घेऊन बाहेर आलो तेव्हा जावईबापूंच्या डोळ्याला दगड लागून गेला होता.

कोणी मारला ते मला माहीत नाही. माहीत असतं तर लिहिलं असतं.

नर्सबाई कुठून धावत आल्या कोण जाणे. त्यांनी पदर फाडून डोळ्यावर धरला, आणि मला म्हणाल्या, "डोकं धरा, हलू देऊ नका." मी धरलं. गाडी येईपर्यंत धरून बसलो. त्यांनी मला परीक्षेबद्दल एक शब्द विचारला नाही, तेव्हाही नाही, आजवर नाही. मी एकदा सांगायला गेलो तर म्हणाल्या, "राहू द्या मिस्त्री, कापूस द्या इकडे." त्यांनी विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

हॉस्पिटलच्या त्या लांब व्हरांड्यात तू मला एकच प्रश्न विचारलास. डोळा वाचणार नाही हे डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. तुझ्या ओढणीवर रक्त होतं, माझ्या बाह्यांवर होतं, एकाच माणसाचं. तू म्हणालीस, "बाबा, पिंजरा तुम्हीच केलात ना?"

आणि मी काहीच बोललो नाही. "नाही" म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण माझ्या डोक्यात एकच आलं, की माझी मुलगी मला हे विचारते. जिने माझ्या मांडीवर बसून टाके मोजले, तिला माझं काम ओळखू येत नाही. मी पाठ फिरवली. तू मागून म्हणालीस, "जा तुम्ही. परत येऊ नका." लोक बघत होते. मी ताठ मानेने चालत गेलो. मला कुठे चालता येतं आणि कुठे येत नाही, ते मला त्या व्हरांड्यात कळलं.

वर मी लिहिलं की वायर शोधायला गेलो. तू हे वाचताना थांबली असशील. माझ्या दुकानात काहीही शोधावं लागत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही. वायर दाराशेजारच्या खिळ्यावर असते. त्या दिवशीही तिथेच होती. ती खांद्यावर टाकून मी शटरच्या आत उभा राहिलो. मला वाटलं, मी ते कुलूप सगळ्यांदेखत कापलं तर खालचे म्हणतील हा मुलीसाठी फिरला, आणि वरचे म्हणतील स्वतःचंच पाप कापतोय. कुठून बघितलं तरी मी खोटाच ठरत होतो. एवढा विचार होईपर्यंत दगड लागला. मी दगड मारला नाही. पण मी उभा होतो.

त्यांच्या डोळ्यासाठी मला माफी मागता येत नाही. माफी मागून जे परत मिळतं त्याच्यासाठी मागतात. छोटीला मात्र एकदा बघू दे. मी दारात उभा राहीन, आत येणार नाही. तुझी आई येईल, ती आत येईल. तिला परत पाठवू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर व्हरांड्यात द्यायला हवं होतं ते आता देतो. तुला मी कधी खोटं सांगितलं नव्हतं, हे वाक्य आता माझ्या कामाचं राहिलेलं नाही; वायरचं तर ह्याच पत्रात सांगून बसलो. म्हणून शपथ घेत नाही. जे झालं ते लिहितो, आणि कोणाचं खरं धरायचं ते तुझं तू ठरव. मी सांगतो म्हणून ठरवू नकोस.

निकालानंतरच्या आठवड्यात कंत्राटदार स्वतः दुकानात आला, ह्या वेळी एकटा. म्हणाला, मिस्त्री, मी शब्दाचा पक्का आहे, तुम्ही मागितलं ते द्यायला आलोय. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. खालच्यांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, वेड्या, घेतलं का नाहीस, आपलं भलं झालं असतं. वरच्यांना सांगितलं असतं तर हसले असते. तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही, कारण ती काय म्हणाली असती ते मला ऐकायचं नव्हतं. मी नको म्हटल्यावर तो रागावला नाही. शटर हळूच वर करून म्हणाला, "दुसरा कोणी करेल हो, नाव मात्र तुमचंच होईल."

त्याने देऊ केलं होतं ते असं: व्हॉल्व्हभोवती पिंजरा बांधायचं काम, त्याच्या दोन किल्ल्यांपैकी एक कायमची माझ्याकडे, तुमच्या वस्तीचं पाणी केव्हा सोडायचं आणि केव्हा आवळायचं ते माझ्या मर्जीवर, आणि रोख साडेतीन लाख.

तुझा,
दाराबाहेरचा बाप